बस्टर कीटन : न हसणाऱ्या विदूषकाचे धाडस

वादळाने उद्ध्वस्त झालेल्या गावाच्या रस्त्यावर एक ठेंगणा तरुण भांबावून उभा आहे. त्याच्या पाठीमागच्या घराची संपूर्ण दर्शनी भिंत पायथ्यापासून सुटते आणि अखंडपणे त्याच्या अंगावर कोसळते. धुरळा उडतो, पण तरुण जागच्या जागी उभाच असतो. माळ्याच्या खिडकीची मोकळी चौकट नेमकी त्याच्या डोक्यावरून आणि खांद्यांवरून खाली उतरलेली असते. काय घडले हे उमगायला त्याला क्षणभर लागतो, आणि मग तो पळ काढतो. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ या १९२८ च्या अमेरिकन मूकपटातील हे दृश्य काही सेकंदांत संपते. मूकपटांविषयी फारसे ठाऊक नसलेल्यांनीही ते कुठे ना कुठे पाहिलेले असते.

ती भिंत कापडाची किंवा पुठ्ठ्याची नव्हती. वाऱ्याच्या झोतात ती वाकू नये, पडताना पिळली जाऊ नये, म्हणून ती मुद्दाम भक्कम आणि जड बांधलेली होती. तिचे वजन सुमारे दोन टन असल्याचे सांगितले जाते. तळाशी बिजागऱ्या बसवल्या होत्या, म्हणजे तिला पडायला एकच मार्ग उरला होता. तरुणाच्या पायांची जागा जमिनीवर आखून ठेवलेली होती. खिडकीची कड आणि त्याचे खांदे यांच्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांची फट राहील, असा हिशेब होता. हे दृश्य दुसऱ्यांदा घेण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रीकरणाच्या वेळी उपस्थित असलेल्यांपैकी अनेकांनी त्या क्षणी मान फिरवली होती, असे स्वतः त्या तरुणाने, म्हणजे बस्टर कीटनने, पुढे अनेकदा सांगितले.

एवढा जीव धोक्यात घालण्याची गरज होती काय, हा प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडतो. दोन वेगवेगळी दृश्ये जोडून हाच परिणाम साधणे तेव्हाही शक्य होते. कीटनला ते मान्य नव्हते. प्रेक्षकाला फसवणुकीचा संशय आला की तो हसायचा थांबतो, अशी त्याची धारणा होती. भिंत खरोखर पडली आणि माणूस खरोखर वाचला, हे एकाच अखंड दृश्यात दिसले तरच त्या योगायोगाला हसू येते. त्याच्या चित्रपटांत धाडस आणि विनोद वेगळे काढता येत नाहीत, ते यामुळे.

अंगविक्षेप, धपाधप पडणे, पाठलाग, लाथाबुक्क्या यांवर उभ्या असलेल्या विनोदाला इंग्रजीत ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. इटलीच्या जुन्या लोकनाट्यातील विदूषकाच्या हाती दोन पातळ फळ्या जोडलेले एक दांडके असे. कोणाला हलकेच मारले तरी फळ्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होई. माराचा आवाज मोठा आणि इजा शून्य, हा त्या दांडक्याचा गुण. मॅक सेनेट याच्या ‘कीस्टोन’ कंपनीने १९१२ पासून याच परंपरेतील विनोदपटांचा कारखानाच उघडला. पडद्यावर मात्र दांडक्याचा हिशेब उलटा झाला. आवाज नाहीसा झाला आणि इजा होण्याची शक्यता वाढली.

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातील पिक्वा या लहानशा गावी झाला. आईवडील, मायरा आणि जो, औषधविक्यांच्या फिरत्या खेळांत काम करीत. पुढे ते व्होडव्हिलच्या रंगमंचावर आले. मुलाचे खरे नाव जोसेफ. तान्हेपणी तो जिन्यावरून गडगडत खाली आला आणि त्याला काहीच झाले नाही, तेव्हा कोणीतरी त्याला ‘बस्टर’, म्हणजे दणकून आपटलेला, असे म्हटले. तेच नाव राहिले, अशी कुटुंबातील आख्यायिका आहे. हे नाव प्रख्यात जादूगार हुदिनीने दिले असेही कीटन मंडळी सांगत. नटांच्या घरातील कथा जितक्या गांभीर्याने घ्याव्यात तितक्याच गांभीर्याने ही घ्यावी.

पाच वर्षांचा होण्याच्या सुमारास बस्टर आईवडिलांच्या खेळात सामील झाला. खेळाचे स्वरूप साधे होते : खोडकर मुलाला बाप शिस्त लावतो. प्रत्यक्षात बाप मुलाला रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेकी, कधी पडद्यांवर, कधी वादकांच्या खड्ड्यात. पकडायला सोपे जावे म्हणून मुलाच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असे. जाहिरातीत त्याला ‘लादी पुसायचे जिवंत फडके’ अशा अर्थाचे बिरुद होते. न्यूयॉर्कमधील बालसंरक्षण संस्थेचे अधिकारी त्याच्या मागे असत. त्याच्या अंगावर वळ आहेत का याची तपासणीही झाली. कुटुंबावर शहरात बंदी येण्यापर्यंत वेळ गेली.

याच वयात त्याला दोन गोष्टी कळल्या. एक, पडायचे कसे. हात, पाय किंवा पाठ यांपैकी कोणता भाग आधी टेकवायचा आणि अंग कधी सैल सोडायचे, हे त्याच्या स्नायूंना इतके सवयीचे झाले की पुढे ते वेगळे शिकावे लागले नाही. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण होती. आपटल्यावर तो स्वतः हसला, तर प्रेक्षक हसत नाहीत. तो गंभीर राहिला, तर नाट्यगृह दणाणून जाते. बापानेही हे हेरले होते; मुलाच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले की तो दटावी. कीटनचा पुढे जगप्रसिद्ध झालेला दगडी चेहरा असा घडला. तो चेहरा भावशून्य आहे असे वरवर वाटते, पण डोळे सतत हिशेब करीत असतात.

बापाच्या दारूपायी १९१७ मध्ये कुटुंबाचा खेळ मोडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ रॉस्को आर्बकल या स्थूल विनोदी नटाशी पडली आणि ‘द बुचर बॉय’ या लघुपटात तो प्रथम कॅमेऱ्यापुढे आला. नटापेक्षा त्याला कॅमेऱ्याचे कुतूहल अधिक होते. ते यंत्र खोलून, त्याचे भाग न्याहाळून त्याने ते समजून घेतले, असे सांगतात. यंत्रांचे हे वेड त्याला जन्मभर पुरले. १९२० मध्ये निर्माता जोसेफ शेंक याच्या पाठबळावर त्याला स्वतःचा स्टुडिओ मिळाला आणि ‘वन वीक’ हा लघुपट आला. एका नवविवाहित जोडप्याला सुटे भाग जोडून उभारायचे घर भेट मिळते, आणि दुष्मनाने खोक्यांवरचे आकडे बदलल्यामुळे घर वेडेवाकडे उभे राहते, अशी ती कथा. वादळात हे घर गरगर फिरते. त्यासाठी खरे घर एका फिरत्या चौथऱ्यावर बांधले होते. उलटलेल्या भिंतीच्या खिडकीतून कीटन सहीसलामत वाचण्याची कल्पनाही त्यात लहान प्रमाणात आहे. आठ वर्षांनी तिचे वजन दोन टनांवर गेले.

कीटनची दृश्यरचना पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. कॅमेरा दूर उभा असतो. नट डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो, आणि त्याच्याभोवती नदी, रस्ता, आगगाडी, इमारत असे बरेच काही दिसते. आपत्ती कोठून येते आहे हे प्रेक्षकाला आधी कळते, बिचाऱ्या नायकाला नंतर. चेहऱ्याचे जवळून घेतलेले दृश्य तो विनोदाच्या क्षणी टाळी.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. मूकपटांचे कॅमेरे हाताने मूठ फिरवून चालत. छायाचित्रकार सेकंदाला साधारण सोळा चित्रे टिपी. मूठ सावकाश फिरवली की चित्रे कमी टिपली जात आणि पडद्यावर हालचाल वेगवान दिसे. पाठलागांची गती बऱ्याचदा अशी वाढवलेली असे. पुढे बोलपटांच्या यंत्रांवर सेकंदाला चोवीस चित्रांच्या गतीने जुने मूकपट दाखवले गेले, तेव्हा सगळेच तुरुतुरु धावू लागले. ‘जुने सिनेमे म्हणजे फटाफट पळणारी माणसे’ हा समज त्यातून रूढ झाला. योग्य गतीने दाखवलेल्या प्रतीत कीटनची चाल किती डौलदार आहे ते दिसते.

हिशेब प्रत्येक वेळी जुळत असे, असे नाही. ‘थ्री एजेस’ या १९२३ च्या चित्रपटात त्याला एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीवर उडी घ्यायची होती. उडी अपुरी पडली. बोटे पलीकडच्या कडेला लागली, निसटली, आणि तो खालच्या जाळीत आदळला. काही दिवस त्याला अंथरुणातच काढावे लागले. चित्रफीत पाहिल्यावर मात्र ती चूक टाकून देण्याऐवजी त्याने तिच्यापुढे नवे दृश्य रचले : उडी चुकलेला नायक खिडक्यांवरच्या कापडी छपरांतून फाटत खाली येतो, पन्हाळीच्या नळाला लोंबकळतो, नळ उखडून त्याला खिडकीतून आत भिरकावतो, आणि तो अग्निशामक दलाच्या ठाण्यात जाऊन पडतो. चित्रपटातील सर्वांत मोठा हशा त्या चुकलेल्या उडीतून निघाला. ‘सेव्हन चान्सेस’च्या वेळीही असेच घडले. चाचणी खेळात, टेकडीवरून धावताना सुटलेले दोन-तीन दगड त्याच्या मागे घरंगळले, तेव्हा प्रेक्षक अनपेक्षितपणे हसले. त्याने चित्रीकरण पुन्हा सुरू केले आणि लहानमोठ्या शेकडो खोट्या दगडांची दरडच आपल्यामागे सोडली.

त्याच १९२३ सालच्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’त नदीच्या जोरदार प्रवाहात त्याला धरून ठेवणारी दोरी तुटली आणि तो खडकांमधून वाहत गेला. कॅमेरा चालूच होता. ते दृश्य चित्रपटात आहे. धबधब्यावरची प्रसिद्ध सुटका मात्र खऱ्या धबधब्यावरची नाही. तो स्टुडिओत उभारलेला होता, आणि ज्या नायिकेला नायक दोरीला झोका घेऊन पकडतो ती त्या क्षणापुरती एक बाहुली होती.

‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४) मध्ये चित्रपटगृहात यंत्र चालवणारा तरुण स्वप्नात थेट पडद्यात शिरतो. पडद्यावरील स्थळ बदलत जाते आणि तो मात्र त्याच जागी उभा असतो. रस्ता, समुद्र, बर्फ, सिंह, सगळे त्याच्याभोवती पालटते. ही किमया मोजमापाची होती. प्रत्येक ठिकाणी नट आणि कॅमेरा यांतील अंतर भूमापनाच्या उपकरणांनी जुळवलेले होते. याच चित्रपटात तो धावत्या मालगाडीच्या टपांवरून पळत येतो आणि इंजिनांना पाणी भरण्याच्या टाकीची दोरी पकडतो. पाण्याचा लोट अपेक्षेहून फार मोठा निघाला. तो खाली आदळला आणि त्याची मान लोखंडी रुळावर आपटली. काही दिवस डोके भयंकर दुखत राहिले. काम थांबले नाही. सुमारे दशकभराने वेगळ्याच कारणासाठी काढलेल्या क्ष-किरण चित्रात डॉक्टरांना मानेच्या मणक्याचे जुने, आपोआप जुळून आलेले अस्थिभंग दिसले. मान मोडली होती हे त्याला तोवर माहीत नव्हते.

देहाची अशी किंमत मोजणारा तो एकटा नव्हता. हॅरॉल्ड लॉइड याच्या हातात १९१९ मध्ये छायाचित्र काढताना एक ‘खोटा’ बॉम्ब फुटला. तो खरा निघाला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. काही काळ दृष्टीही जाते की काय अशी भीती होती. त्यानंतर चार वर्षांनी ‘सेफ्टी लास्ट’मध्ये उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा लॉइड जगाने पाहिला. गमावलेली बोटे झाकणारा खास हातमोजा त्या हातात आहे हे प्रेक्षकांना कळू दिले नव्हते. इमारतीचा दर्शनी भाग दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर उभारला होता आणि खाली गाद्या पसरलेला एक मंच होता. पण त्या मंचाची चाचणी घेण्यासाठी वरून पुतळा टाकला, तेव्हा तो उसळून थेट रस्त्यावर गेला, असे लॉइड सांगत असे. दुरून दिसणारे खरे चढणे बिल स्ट्रॉदर या व्यावसायिक इमारत-चढ्याचे होते. लॉइड प्रेक्षकाला धाप लावतो. त्याच्या चेहऱ्यावर भीती उघड दिसते. कीटनच्या चेहऱ्यावर ती दिसत नाही, म्हणून प्रेक्षकाला ती स्वतःच वाहावी लागते. दोघांत डावेउजवे ठरवण्याचे कारण नाही, परंतु आज शंभर वर्षांनी कीटन अधिक आधुनिक वाटतो, त्याचे रहस्य बहुधा येथेच असावे.

‘द जनरल’ ही कीटनची सर्वांत महत्त्वाकांक्षी निर्मिती. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेतील एक इंजिन पळवले होते, त्या सत्य घटनेवर ती आधारलेली आहे. चित्रीकरणासाठी ऑरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह हे गाव निवडले गेले. लाकूड वाहून नेणाऱ्या कंपन्यांचे जुन्या धर्तीचे रूळ तेथे शिल्लक होते. या चित्रपटात कीटन इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसला आहे. रुळांवर शत्रूने आडवे टाकलेले एक लाकडी स्लीपर समोर येते. त्याच्या हातात दुसरे जड स्लीपर आहे. तो ते नेमके पहिल्याच्या टोकावर आपटतो, पहिले उडून बाजूला पडते आणि गाडी पुढे जाते. नेम चुकता तर इंजिन घसरले असते. दुसऱ्या एका दृश्यात प्रेयसीने झिडकारलेला नायक इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्नपणे बसतो. इंजिन सुरू होते, दांडा त्याला वर-खाली नेऊ लागतो, आणि आपल्या दुःखात त्याला ते कळतही नाही. दृश्य शांत आहे, त्यात धावपळ नाही. पण वाफ थोडी जास्त सोडली असती आणि चाक जागीच गरकन फिरले असते तर तो वाचला नसता, हे इंजिनचालकाने त्याला आधीच सांगितले होते.

२३ जुलै १९२६ रोजी रो नदीवर त्या चित्रपटातील शेवटचे मोठे दृश्य टिपले गेले. जळता लाकडी पूल, त्यावर आलेले खरे इंजिन, आणि दोन्ही एकदम नदीत. आसपासच्या गावांतून हजारो लोक पाहायला जमले होते. या एका दृश्याचा खर्च ४२ हजार डॉलर झाला. मूकपटांच्या इतिहासातील सर्वांत महागडे एकल दृश्य म्हणून त्याची नोंद केली जाते. इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून उचलला जाईपर्यंत नदीतच पडून होता. चित्रपट मात्र आपटला. समीक्षकांना तो लांबट आणि निर्बुद्ध वाटला, खर्च वसूल झाला नाही. १९७२ आणि १९८२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरातील समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी करवली, तेव्हा पहिल्या दहांत हाच ‘द जनरल’ होता.

या अपयशाचा पहिला परिणाम पुढच्याच ‘कॉलेज’ (१९२७) या चित्रपटात दिसतो. निर्मात्याची खर्चावर नजर आली. बांबूच्या आधाराने खिडकीतून आत उडी घेण्याचे दृश्य त्यात आहे. ती उडी कीटनची नाही; १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये या प्रकारात सुवर्णपदक मिळवणारा ली बार्न्स तेथे त्याचा डुप्लिकेट होता. कीटनने हे कधी लपवले नाही. उलट स्वतः तो इतरांचा डुप्लिकेट होत असे. ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये मोटारसायकलवरून खाली पडणारा सोबती प्रत्यक्षात कीटनच आहे.

‘स्टीमबोट बिल’चे काम चालू असतानाच शेंकने स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय त्याला कळवला. भिंत पडायची होती त्याच्या आदल्या दिवसांतली ही गोष्ट. त्या वेळी आपण इतके उद्विग्न होतो की जगण्यामरण्याची फारशी पर्वा नव्हती, असे त्याने पुढे सुचवले आहे. १९२८ मध्ये तो मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीच्या नोकरीत गेला. चॅप्लिन आणि लॉइड यांनी त्याला तसे न करण्याचा सल्ला दिला होता. पहिला चित्रपट ‘द कॅमेरामन’ उत्तम झाला. नंतर पटकथा आधी लिहून मंजूर करून घ्यायची, वेळापत्रकाबाहेर जायचे नाही, जागेवर सुचलेले करायचे नाही, आणि कंपनीच्या महागड्या नटाने स्वतः उड्या मारायच्या नाहीत, असे नियम आले. कंपनीच्या दृष्टीने ते रास्त होते. त्याच्या बोलपटांनी पैसाही मिळवला. म्हणजे ‘बोलपट आले आणि कीटन संपला’ हे सर्रास लिहिले जाणारे वाक्य खरे नाही. उडी चुकली तर तिच्यातून दुसरे काही रचण्याची मुभा गेली, हे खरे. संसार मोडला, दारू वाढली, १९३३ मध्ये नोकरीही गेली. काही वर्षांनी तो त्याच कंपनीत परतला, इतरांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवणारा अल्पवेतनी कर्मचारी म्हणून.

मूकपटांच्या चित्रफिती ज्वालाग्राही नायट्रेटच्या असत. त्या जळत, कुजत, किंवा चांदीसाठी वितळवल्या जात. कीटनचे सुदैव असे की, त्याच्या जुन्या बंगल्यात राहायला आलेल्या जेम्स मेसन या ब्रिटिश नटाला तेथे ठेवून दिलेल्या काही प्रती सापडल्या आणि त्याने त्या जतन केल्या. आपल्याकडे हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या धाडसपटांचा नायक मास्टर विठ्ठल याच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पाहायलाच मिळत नाहीत. लोकांना तो आठवतो तो ‘आलम आरा’ या बोलपटामुळे. जी. पी. पवार यांचा ‘दिलेर जिगर’ (१९३१) मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात शिल्लक आहे. डोंबाऱ्याच्या खेळांत वाढलेल्या राजपुत्राची ही कथा. तिची नायिका म्हणजे पुढे खाष्ट सासू म्हणून घरोघरी माहीत झालेल्या ललिता पवार.

कीटनला मात्र आपल्या चित्रपटांचे पुनरागमन जिवंतपणी पाहता आले. १९६० मध्ये त्याला सन्माननीय ऑस्कर मिळाले. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. त्याच्या आदल्या वर्षी, एकोणसत्तराव्या वर्षी, त्याने कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी ‘द रेलरॉडर’ या रंगीत पण संवाद नसलेल्या लघुपटात काम केले. रुळांवरून धावणाऱ्या एका छोट्या मोटारगाडीतून तो एकटाच देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जातो. एका दृश्यात गाडी दरीवरच्या उंच पुलावरून जात असताना तो भला मोठा नकाशा उघडतो आणि वाऱ्यामुळे त्यातच गुरफटून जातो. म्हाताऱ्या नटाच्या जिवाची धास्ती वाटून तरुण दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटन याने हा विनोद पुलावर करायचा नाही असे ठरवले. कीटन चिडला. पूल धोकादायक नाही, आणि पूल नसेल तर त्यात विनोदच नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. चित्रीकरणाच्या वेळी तयार होत असलेल्या दुसऱ्या एका माहितीपटात हा वाद टिपला गेला आहे. अखेर दृश्य त्याच्या म्हणण्याप्रमाणे झाले : खाली दरी, भोवती कठडा नाही, आणि कागदात गुंडाळलेला म्हातारा पुलावरून शांतपणे पुढे चालला आहे.